शेवटचा फर्मा

बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
आमचं वाचनालय. पायाखाली दिवसभर घरघर.
दाराशी स्तोत्रं, चरित्रं, बक्षिसं मिळालेल्या कादंबऱ्या.
आणि मागे, मोरीच्या भिंतीला लागून, ओल धरलेलं एक कपाट:
भय, रहस्य, खून.
त्यातल्या लेखकांची नावं कुठल्याच भाषणात येत नाहीत.

'पुस्तकात लिहू नये' ही पाटी मीच रंगवली.
तरी मागच्या कोऱ्या पानावर लोक पेन्सिलीने लिहितात.
मी खोडरबर घेऊन बसते,
वाचते,
रबर परत खणात टाकते.

'तिसऱ्या खाटेवरची बाई'.
खाली ग्रामीण रुग्णालयातल्या शेवंती जुवाटकरांचं बारीक अक्षर:
रात्रपाळीत वाचली. भूत फार बोलतं.
माणूस खरा घाबरला की पाणी मागतो, एवढंच.

'काळा पडाव'.
वस्तीच्या एसटीचे ड्रायव्हर खुटाळे, घाटावरचे, गाडीतच झोपतात:
पान सत्त्याऐंशीनंतर आतला दिवा घालवला नाही.
पहाटे बॅटरी उतरलेली. पाशिंजरांनी गाडी ढकलली.
पुस्तक चांगलं आहे.

पण सगळ्यांत जास्त फिरतं ते 'खाडीपल्याडचा कंदील'.
लेखक कुणी मो. ना. वायंगणकर, आवृत्ती एकच,
आणि शेवटचा फर्मा गायब, माझ्या आधीपासून.
एकशे शहात्तराव्या पानावर फौजदार कडीला हात घालतो,
दार करकरतं,
मग थेट पुठ्ठा आणि कसरीने काढलेली नक्षी.

शेवट नाही, असं आजवर कुणी तक्रार म्हणून लिहिलेलं नाही.
सगळे शेवटाबद्दल भांडतात.

मैमुना सोलकर, लिलावात मासळीचा भाव पुकारतात:
खुनी दिवाणजी. सगळं गाव कुणाचं ना कुणाचं देणं लागतं,
ह्या एकाचंच खातं कोरं कसं?

त्याखाली भिवा कुबल, तांडेल, पेन्सिल दाबून, कागद फाटेस्तोवर:
अवसेच्या मध्यरात्री खाडयेत भरती असता.
चिखलात मढा दिसतला कसा?
लेखकान दर्या बघूक नाय.

आणि त्याच्याही खाली, गोल, शाळकरी अक्षरात,
पर्णिका राणे, नववी ब:
लेखक चुकला नाही.
चिखलात प्रेत पाहिलं असं जो सांगतो, तो खोटं बोलतोय.

ते वाचलं आणि मी उठून पंखा बंद केला.
पहिल्यापासून पुन्हा वाचली.
पोरीचं म्हणणं कुठेच अडत नव्हतं.

गेल्या पौषात रत्नागिरीला, रद्दीवाल्याच्या ढिगात,
अख्खी प्रत सापडली. चाळीस रुपये.
राजापूर येईपर्यंत धीर धरला,
मग एसटीतच शेवटचा फर्मा काढला.

जुळा भाऊ.
एकशे शहात्तर पानांत ज्याचं नाव नाही, सावली नाही,
तो आफ्रिकेहून बोटीने येतो, सगळं कबूल करतो
आणि खोकत मरतो.
भरतीओहोटीचा उल्लेखसुद्धा नाही.
कुबलांचंच खरं होतं. वायंगणकरांनी दर्या बघितला नव्हता.

ती प्रत मी दाखलच केली नाही.
घरी आहे, कुळथाच्या डब्यामागे.
नियमात बसत नाही, ठाऊक आहे.
खुटाळे दर खेपेला विचारतात, मिळाली का हो कुठे पुरी?
मी रजिस्टरात बघितल्यासारखं करते.

काल कुबल आले. बोटी बंद, वारा सुटलेला.
'कंदील' मागितलं, मागचं पान उघडलं,
आपल्या अक्षराखाली काय आलंय ते ओठ हलवत वाचलं.
कितीतरी वेळ तसेच उभे. बोटांनी काहीतरी मोजत होते,
तिथी असेल, पाणी असेल.

"ह्यां चेडू खंयचा?"

मी सांगितलं, सड्यावरच्या राण्यांचं.

"हूं," म्हणाले.
"आजून आठ दिस लिव माज्या नावार.
माका परत वाचूक व्हया."