मऊ पाकीट

मूस जॉमधलं दुकान, बाहेर उणे एकतीस.
ओरिसिया हातमोजे काढते,
बोटं पँटीला पुसते, दोनदा.

"कडक डबी नको," लॉर्न म्हणतो,
"तीत कार्ड बसतं ऐटीत,
पण तपासणारा ते बाहेर ओढतो ना,
तेव्हाच कोपरा मरतो."

आधी पातळ पिशवी.
फार सैल नको, कार्ड प्रवासभर आत हिंडतं.
मग हे अर्धवट लवचीक पाकीट,
तोंडाशी चिकटपट्टीची निळी जीभ,
ओढली की सुटणारी.

कार्डावर एक गोलरक्षक,
मुखवटा नाही, पुढचे दोन दात नाहीत.
बाकीची सगळी तारासनं
सायकलच्या आऱ्यांत अडकवून
एका उन्हाळ्यात फडफडवून संपवली.
हे एकच ठेवलं.
का, ते विचारायचं राहिलं.

लॉर्न डावा कोपरा दिव्याखाली धरतो.
"चार. नशीब असेल तर साडेचार."
ती मान हलवते.
तो कोपरा तिचाच.
सात वर्षांची असताना चावून पाहिला होता,
भावानं आठवडाभर अबोला धरला.

ती कार्ड सरकवते.
पिशवीतली हवा हळूच वाट काढते.
फॉर्मवर रकाना: अंदाजे किंमत.
गाडीत राहिलेलं पेन गोठलंय,
ती त्याच्यावर फुंकर घालते,
पुन्हा घालते,
लिहीत मात्र नाही.

"लॉर्न, समजा पाठवलंच नाही,
तरी पाकीट हेच घेऊ?"

"हेच," तो म्हणतो.
"पंचवीस सेंट."