तासाची नोंद

एकची नोंद झाली. तिवरी फीडर, एकशे अठरा अँपिअर.
ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान एकावन्न.
खाली सही, बारीक.
मग लॉगबुकावर दोनशे पानी वही ठेवतो
आणि दोन वाजेपर्यंत
मी चौदा वर्षांची मुलगी असतो.

कुंदा तिचं नाव.
तालुक्याच्या हॉस्टेलातून पळालीय,
आणि अकरा दिवस झाले
मी तिला एका नाल्याच्या काठावर उभं करून ठेवलंय,
कारण मध्येच दिवसपाळी लागली,
मग धाकट्याला गोवर निघाला,
मग जुईच्या शाळेत पालकसभा.
बिचारी, पौषाच्या थंडीत.
दुसऱ्या प्रकरणात स्वेटर द्यायचा राहूनच गेला.

फोन वाजतो.
"लाईन गेली काय भाऊ? मोटर बंद पडली."
बाबूलाल डवले. हरभऱ्याला पाणी देतायत,
आवाजामागं कुत्रं भुंकतंय.
"डीपीवरचा फ्यूज पाहा. इकडून चालू हाय."
"बरं. तुमी काय करून राह्यले?"
"लिहून राह्यलो."
"हो ना," म्हणतात, "सरकारी काम. लिवनंच लिवनं."

दोन. तीन.
यार्डातली खडी चांदण्यात पांढरी,
कुंपणापलीकडं वेचून झालेली पऱ्हाटी.
कुंदा तिथूनच चालत जाते.
मला दुसरा रस्ता ठाऊक नाही.

सकाळी आठला चार्ज देऊन घरी येतो
तोवर वंदना सात दहाच्या बसनं दारव्ह्याला गेलेली,
धाकटा एका पायात मोजा घालून,
आणि जुई, नववी अ, माझी पहिली वाचक,
एका हातात पोळी, वहीवर तेलाचं बोट.
"बाबा, 'तिचं मन गहिवरून आलं'?
आमच्या वर्गात एकही पोट्टी गहिवरत नाही."
खोडतो.
"अन् चिठ्ठी काहून पाठवते?
मोबाईल वॉर्डनच्या कपाटात हाय ना. चोरू द्या तिले."
चोरू देतो.
नागपूरचे प्रकाशक लिहितात,
किशोरांची बोली तुम्हाला छान साधते.
मी त्यांना काही सांगत नाही.

पण काल ती पान एकशे चारवर थांबली.
त्या पानावर कुंदा न्हाणीत नळ सोडते,
रडणं बाहेर जाऊ नये म्हणून.

"हे तुमाले कोनं सांगतलं?"

कुणी नाही.
ऑगस्टात, दुपारी, रात्रपाळी करून मी झोपलो होतो,
म्हणजे झोपलो नव्हतो.
अर्धा तास पाण्याचा आवाज येत होता.
आपल्याकडं नळ चार दिवसांनी येतो,
एवढं पाणी कशाला, इतकं कळत होतं मला.
उठलो नाही.
दार वाजवलं नाही.
रात्री ड्युटीवर जाऊन लिहून काढलं,
आणि चांगलं लिहिलं,
ते जास्त वाईट.

तिनं वही मिटली. ताट उचललं.
सायकलची चेन उतरली होती, तीही स्वतःच चढवली,
काळे हात ओट्याच्या कडेला पुसून गेली.

आज रात्री ते पान फाडायला घेतलं
तर समासात पेन्सिलनं, घाईच्या अक्षरात:
"नळ नाही. बादली.
नळ सोडला तर आई ओरडते.
मग्गा भरायचा, परत त्याच बादलीत ओतायचा.
पाणी संपत नाही."
आणि त्याखाली, अधोरेखित:
"गाव बदला."

बराच वेळ पेन तसंच धरून बसलो.
तीनची नोंद राहिली. सव्वातीनला केली,
वेळ तीनच टाकली.
मग नळ खोडला. बादली लिहिली.
गावाचं नाव खोडलं,
दुसरं एकही तिथं बसेना.
कुंदाला स्वेटर दिला, जुईचा जुना, हिरवा,
मग तोही खोडला.

चार वाजता डवल्यांचा फोन,
"पाणी झालं भाऊ पुरं. झोपा आता."
तिवरी फीडर, एकशे दोन.
शेऱ्याच्या रकान्यात काही लिहायचं नसतं,
सगळं सुरळीत असलं तर.
आठला घरी जाऊन तिला विचारायचं आहे.
काय, ते वाक्य
अजून जमत नाही.