लोटलीच्या वळणावर

सव्वीस वर्षं कदंबची बस हाकली,
आता वेर्ण्याच्या माळावर मला पगार मिळतो
काहीही न करण्याचा.
हात मांडीवर, पाय ब्रेकपासून बोटभर वर,
डोळे मात्र उघडे ठेवायचे, तसं करारात लिहिलंय.
चाक आपसूक फिरतं.
पहिल्या आठवड्यात वाटायचं
माझ्याच मांडीवर कुणी बसलंय,
ज्याचं वजन लागत नाही.

मागे शर्विल, लॅपटॉप घेऊन.
पोरगा सांगलीचा, मासे खात नाही,
रोज सांगतो गाडीला आज काय काय कळलं.
गुरं कळली. बसलेली आधी कळत नव्हती,
तिला वाटायचं रस्त्यालाच उंचवटे आलेत.
तिची चूक नाही, आमच्या रस्त्यांना येतात.
पोदेराची सायकल कळली, मागच्या टोपलीसकट.
पिलोत कळला, पण तो कुठून घुसेल
हे त्याच्या बायकोलाही कळत नाही, मी म्हटलं,
तर तेही त्यानं टिपून घेतलं.

मग बोरीकडे जाताना ते वळण.
तिथं गाडी थबकते.
समोर कुणी नाही. उन्हात चिऱ्याची भिंत,
भिंतीशी चौथऱ्यावर पांढरा खुरीस,
गळ्यात झेंडूचा हार, काचेत मेणबत्ती.
गाडी वीसवर येते, दहावर,
मागचा टेम्पोवाला हॉर्नवर बसतो,
आणि पडद्यावर खुरीसाभोवती पिवळी चौकट :
पादचारी. हात पसरलेले.
रस्ता ओलांडायच्या बेतात.

शर्विल म्हणतो, आमच्यात याला भुताचा ब्रेक म्हणतात.
मी काही बोलत नाही.
खुरीस इनासच्या पोराचा. मिंगेल.
एकोणीस वर्षं, हप्त्यावरची मोटारसायकल,
समोरून वाळूचा ट्रक.

या वळणावरून मी दिवसाला चार फेऱ्या मारल्या.
दर फेरीला चाकावरचा हात उचलून
कपाळाला, मग छातीला.
मी देवळातला माणूस, पण वाटेवरचा खुरीस सगळ्यांचा.
हात उचलला.
पाय नाही उचलला कधी.
फोंड्याला सव्वाआठला पोचायचं असायचं.

ही गाडी नमस्कार करत नाही.
थांबते.

हल्ली साडेदहाला आंजेलीन सोप्यावर येऊन बसते.
मिंगेलची आई. एकदा जवळ आली,
काचेवर टकटक केलं. कोण चालवतंय?
मी दोन्ही हात वर करून दाखवले.
ती हसली नाही.
म्हणाली, हिला म्हणावं, अशीच जा.

सोमवारी नवं सॉफ्टवेअर आलं.
शर्विलनं गोवाभरचे खुरीस गोळा केले होते,
तिठ्यावरचे, माडाखालचे, पुलाच्या तोंडावरचे,
रात्र रात्र बसून प्रत्येकाला नवं नाव दिलं होतं :
स्थिर वस्तू.
त्याचंही बरोबर आहे.
उगाच थांबणारी गाडी मागच्याला मारते.
कुणी मरू नये म्हणूनच करतोय ना, काका,
म्हणाला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

मंगळवारी गाडी पंचेचाळीसनं वळणावर आली.
चौकट उमटली, राखाडी.
वेग तोच.
आंजेलीन सोप्यावर अर्धी उठलेली,
आणि माझा पाय खाली गेला.
मी ठरवलं नव्हतं.

पडद्यानं विचारलं : चालकाचा हस्तक्षेप. कारण?
खाली गुरे, खड्डा, पादचारी, इतर.
मी पादचारीवर बोट ठेवलं.

शर्विलनं चित्रण मागे नेलं, पुढे नेलं,
पुन्हा मागे.
कुठंय, काका?
नीट बघ, म्हटलं.
मागे टेम्पोवाला अजून
माझ्या आईचा उद्धार करत होता.