पेव क्रमांक एकेचाळीस

आमच्या सर्व्हर रूमला मार्केट यार्डात कुणी सर्व्हर रूम म्हणत नाही.
'गार खोली' म्हणतात.
उन्हं तापली की हमालसुद्धा दार ढकलून विचारतात,
'म्याडम, दोन मिनिटं उभारू का?'
उभारा, फक्त चपला बाहेर.
हळदीची धूळ पंख्यांच्या जाळीत बसते,
दर महिन्याला मी ती ब्रशनं झाडते,
आणि शेजारीण माझी बोटं बघून विचारते,
कुणाची हळद होती?

लोखंडी होस्ट तीनच.
त्यांच्या पोटात मशीनं शहाण्णव,
ज्यांना ना पाय, ना पंखा, ना वायर,
आणि प्रत्येकाला वाटतं, अख्खा सर्व्हर आपलाच.
कुणाला दोन कोअर, कुणाला चार.
रॅम आहे त्याहून जास्त वाटून ठेवलीय,
सगळे एकदम जेवायला बसणार नाहीत
या भरवशावर.

माझ्या आधी इथं बाहुबली मगदूम होता.
मागेल त्याला मशीन काढून द्यायचा.
लिलावाला एक, वखारीला एक, चाचणीला एक,
चाचणीच्या चाचणीला एक.
पेव फुटणं म्हणतात ते हेच.
मगदूम पुण्याला गेला.
यादी त्याच्या डोक्यात होती, तीही गेली.

यंदा सौदे निघाले आणि रॅम पुरेना.
मग मी एकेकाच्या तोंडाशी कंदील धरला:
कोण कामात आहे, कोण नुसतं श्वास घेतंय.
हरिपूरच्या पेवात उतरताना असंच करायचे म्हणतात,
कंदील विझला तर माणूस सोडायचा नाही.
तिथं माल जमिनीखाली निजलेला असायचा
आणि त्याची पावती वर चार हात फिरायची;
मालक बदलायचे, पोतं जागचं हलायचं नाही.
'आभासी' हा शब्द मी परीक्षेसाठी पाठ केला.
सांगलीला तो आधीच येत होता.

त्या रात्री सापडलं एचआरपी-४१.
रॅम आठ गीगा, वापर एक टक्का.
चार हजार दिवसांत एकदाही बंद नाही.
मधे खालचे होस्ट दोनदा बदलले, याला पत्ता नाही.
मालकाची जागा रिकामी.

आमच्या धंद्यात अशा वेळी एकच नियम:
बंद कर, आणि बघ कोण ओरडतं.
स्नॅपशॉट घेतला, निजवलं.
सोमवार गेला. मंगळवार, बुधवार.
शुक्रवारी लँडलाइन वाजला.

'तोलार नांद्रेकर बोलतोय, हरिपूर.
सांजचा मेसेज येईना झालाय.'
कसला मेसेज?
'पेव एकेचाळीस. शिल्लक पोती दोनशे अठरा.'

आजोबा, पण ती पेवं तर
'बुडाली की. काठावर मीच होतो.
तीन दिवस पिवळं पाणी बघितलंय, मला काय सांगताय.'
मग बराच वेळ त्यांच्याकडचा पंखाच ऐकू येत राहिला.
'त्या मगदूमच्या पोरानं हिशेब चढवलावता.
पाणी आलं, पण उतरवा म्हणून कुणी सांगितलंच न्हाई.
माझीबी अकरा पोती हैत त्यात.'
हैत, म्हणाले. होती नाही.

आठ गीगा काढून घेतले, अर्धा ठेवला.
कोअर एक.
जागं झालं तेव्हा त्याला अजून सोमवारच वाटत होता,
घड्याळ जुळवून दिलं.
मालकाच्या रिकाम्या चौकटीत लिहिलं, नांद्रेकर.
शेऱ्यात: बंद करू नये, माणूस ओरडतो.

ऑडिटला येणारा विचारेल, हे मशीन करतं काय.
बघू.
अजून तिसऱ्या होस्टची जाळी झाडायची राहिलीय.