एलिआवा बाजारातलं कार्ड

वाझा म्हणाला, एकशेऐंशी लारी, एक तेत्रीही कमी नाही.
तोर्निकेनं कार्ड उलटं केलं,
स्क्रूंची डोकी पाहिली. झिजलेली.
म्हणजे कुणीतरी उघडलंय.
मग नाकाशी धरलं,
खरबूज पारखताना धरतात तसं.
जळका वास नव्हता,
बंद तळघराचा होता.

"मायनिंगमधलं ना?"
वाझानं सिगारेट विझवली. खोटं बोलला नाही.
रुस्तावीतलं एक गॅरेज, दोन वर्षं,
रात्रंदिवस नाणी पाडायचं काम.
उन्हाळ्यात म्हणे भिंतीला हात लावता येत नसे.

दहा मिनिटं चालवून पाहिलं.
त्र्याऐंशी अंश. डावा पंखा जरा खरखरला.
त्या खरखरीचे वीस लारी कमी झाले,
आणि वर थर्मल पेस्टची अर्धी ट्यूब,
कागदात गुंडाळून.

घरी, सहाव्या मजल्यावर,
आई रात्रपाळी करून झोपलेली
म्हणून आवाज बंद.
पडदा काळा.
काळाच.
मग गवत आलं.
एकेक पातं सुटं, वाऱ्यानं कललेलं.

एवढे हिशेब केले या कार्डानं
आणि गवत आज पहिल्यांदा काढत होतं.

तोर्निके खेळलाच नाही.
घोडा माळावर तसाच उभा ठेवून
पंख्याच्या कडेवर बोट दाबून बसला,
खरखर थांबेपर्यंत.