पेटीची पेटी

लकडगंजात मे महिन्याची दुपार, सेहेचाळीस डिग्री.
कूलर मीच बंद केलाय,
कलाकृतीला दमट हवा चालत नाही.
"अन् आमाले चालते का, ताई, हे?"
खुशाल निनावे विचारतो
आणि उत्तराची वाट न बघता रंधा ओढतो.

फळीवर शिक्का आहे:
छप्पन डिग्रीवर अर्धा तास भाजलेलं लाकूड.
यात किडा जगत नाही, म्हणून परदेशी जाऊ शकतं.
मी समजावून सांगते. तो हिशोब करतो.
"म्हंजे दहाच डिग्री कमी पडून राह्यले आपल्याले."

कलाकृती म्हणजे संत्र्याच्या पेट्या.
अकरा, कळमन्याच्या, जुन्या,
एकावर एक तिरप्या रचायच्या.
एकीच्या तळाला आतून सोन्याचा वर्ख,
कोणत्या, ते वाकल्याशिवाय दिसत नाही.

खुशालचा बाप अशाच पेट्या ठोकायचा,
हंगामात दिवसाला साठ-सत्तर,
ओठांत खिळे धरून.
त्यामुळे तो काय बोलायचा
हे घरात कोणालाच नीट आठवत नाही.

"ताई, सातव्या पेटीचा खिळा हालून राह्यला. ठोकू?"
नको.
"एकच टोला."
नको म्हटलं ना बाप्पा, सैल आहे असं लिहिलंय मी.

पेटी सात. उजवी कड, खिळा सैल, मूळचा.
तळाशी काळा डाग, चार सेंटिमीटर, मूळचा.
वासाला रकाना नाही.

नऊ वर्षं झाली मला या कामात.
तिकडची शहरं मला मालाच्या दारांवरून ठाऊक:
कुठे उतार आहे, कुठे लिफ्टचा उंबरा दोन बोटं वर,
कुठला पहारेकरी रात्री कॉफी विचारतो.
भिंती पहाटे तीनला पुन्हा रंगवतात.
चित्राचा मध्य जमिनीपासून एकशे पंचेचाळीसवर,
म्हणजे माझ्या भुवयांना लागतो.
अकराला पाहुणे येतात
आणि आम्ही मागच्या दाराने बाहेर,
हातमोजे खिशात, गुडघ्यांवर पांढरा रंग.
एकदा पाना विसरला म्हणून परत गेले,
तर तिकीट विचारलं.

दसऱ्यानंतर पेटी परत आली.
विकली गेली नव्हती.
सोनेगावच्या कार्गोतून टेम्पोत, पिवळ्या पट्ट्यांसकट.
खुशालनं झाकणाचे स्क्रू मोजले, ही त्याची खोड.
चोवीस. बरोबर.
तेवीस त्याचे, फुली-तोंडाचे.
एक मात्र चांदणी-तोंडाचा, किंचित लांब,
आणि त्याच्याखाली कागदाची कापलेली चकती,
फळी चिरू नये म्हणून.

तिकडे कोणाचा तरी स्क्रू हरवला होता.
गुडघ्यांवर बसून शोधला असेल,
मग स्वतःच्या खिशातला लावला असेल.
खुशाल त्या चकतीकडे बघत राहिला.
"मिस्त्री हाय बे," म्हणाला.
कोणाला म्हणाला कोण जाणे,
टेम्पोवाला तर केव्हाच गेला होता.

चांदणीचा बिट आमच्याकडे नव्हता.
इतवारीत पाच दुकानं फिरलो, सहाव्यात मिळाला,
नव्वद रुपये, एका स्क्रूसाठी.
बिल मी प्रवासखर्चात घातलं.

आत सगळं होतं तसं.
कागदावर माझ्या ओळीखाली
दुसऱ्याच कोणाच्या तिरक्या अक्षरात, इंग्रजीत:
खिळा सैल. मूळचा. हात लावू नये.
"म्हंजे त्याच्याही हाताले खाज सुटली असन,"
खुशाल हसला.

जानेवारीत दुसरं काम आलं,
काचेचं काहीतरी, माणसाएवढं.
खुशालनं चोवीस स्क्रू पिळले
आणि त्याआधी, मी बघत नाही असं समजून,
झाकणाच्या आतल्या बाजूला
चिकटपट्टीनं पंचविसावा लावला, चकतीसकट.
"हे काय?"
"असू द्या. लागन कोणाले."
झाकण उघडल्याशिवाय तो सापडणार नाही,
हे मी त्याला सांगितलं नाही.
नोंदीत लिहिलं: स्क्रू पंचवीस.