दीड तास पुढे

मस्कतच्या मंत्रालयाचा अर्ज चार पानी होता.
पूर्वानुभव, वर्षे, संस्था, शिक्का.
मी लिहिलं: रत्नागिरीचं मनोरुग्णालय, दोन वर्षं;
पुणे, फिरोजाबाईंच्या हाताखाली, सात.
'उपचारपद्धती'पुढे बोटभर जागा.
तिथे लिहिलं, सायकोडायनॅमिक,
आणि शब्द चौकटीबाहेर गेला.

मिरजेला रकाना नव्हता.
तिथे अब्बा तंबोऱ्याची जवारी काढायचे.
घोडी कानशीने घासायची, तारेखाली सुताचा धागा,
धागा केसभर सरकवायचा,
तार छेडायची, पुन्हा सरकवायचा.
सकाळची दुपार व्हायची.
गिऱ्हाईक विचारायचं, झालं का?
अब्बा म्हणायचे, मी काही करत नाहीये,
ती कुठे अडलीय ते ऐकतोय.

रुवीत तिसऱ्या मजल्यावर दोन खुर्च्या.
खिडकीत उघडे तपकिरी डोंगर,
खाली मनी एक्स्चेंजची रांग.
पडदा मी अर्धाच ओढते.
पन्नास मिनिटं.

एक माणूस यायचा.
त्याचं नाव मी कवितेतही सांगणार नाही.
कुडाळकडचा, गोदामाचा हिशेब बघायचा.
झोप येत नाही म्हणाला.
मनगटावरचं घड्याळ भारताच्या वेळेवर,
दीड तास पुढे, अकरा वर्षं.
तरी दर मंगळवारी दहा मिनिटं उशिरा.
पार्किंग, लिफ्ट, साहेबाचा फोन.
मी कारणं ऐकायची, कारणांच्या मागे एसीची घरघर,
आणि त्याच्या बुटाचं टोक हलायचं.
वडील?
देवमाणूस, म्हणायचा,
आणि विषय पामतेलाच्या डब्यांवर.

पाचव्या महिन्यात एकदा बोलला,
तिकिटाचे भाव सांगावेत तसं:
पासपोर्ट कंपनीच्या कपाटात,
कपाटाची किल्लीवाला रजेवर,
तो घरी पोचला तेव्हा
राखही सावडून झाली होती.
"थांबले नाहीत," म्हणाला.
कोण, ते मी विचारलं नाही.

गुरुवारी फोनवर फिरोजाबाई म्हणाल्या, घाई नको.
मग जरा थांबून: तू का रडतेयस?
अब्बांच्या वेळी मीही इथेच होते.
धागा केसभर सरकला
आणि वाजली माझीच तार.

मग तो मंगळवार.
पाऊस लांब डोंगरात कुठेतरी पडला, शहरात थेंब नाही,
पण वादी आली.
कोरडा ओढा मातकट होऊन रस्त्यावरून सुटला.
पोलिसाने गाड्या अडवल्या.
माझ्यापुढच्या पिकअपमध्ये चार शेळ्या,
त्या माझ्याकडे बघत राहिल्या.
मी चाळीस मिनिटं उशिरा पोचले.
काउंटरवरून झुवैनाने डोळ्यांनीच सांगितलं, आत जा.

तो उभा होता.
"आज मी वेळेवर आलो," म्हणाला.
"पहिल्यांदा. आणि तुम्ही नाही.
माणसाने थांबायचं असतं.
एक दिवस. एक दिवस थांबता आलं नसतं तुम्हाला?
मी येतच होतो ना, बाबा."

तो दचकला. मीही.

वादी माझ्या जिभेवर आली होती,
पोलीस, शेळ्या, सगळं खरं.
गिळलं.
म्हटलं, हो. तुम्ही आलात, आणि इथे कोणी नव्हतं.

उरलेली दहा मिनिटं तो रडला वगैरे नाही.
शिव्या दिल्या. मालवणीत, सावकाश,
जणू कित्येक वर्षं मोजून ठेवलेल्या.
देवमाणसाला.
मी समोर बसून त्या घेतल्या,
माझ्या नावाच्या नसलेल्या टपालासारख्या,
सही करून.

पुढच्या मंगळवारी पुन्हा उशीर. सात मिनिटं.
घड्याळ तसंच.
झोप? अधूनमधून, म्हणाला,
आणि पहिल्यांदाच खिडकीबाहेर बघितलं:
या डोंगरांवर काहीच कसं उगवत नाही हो?

परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज आलाय.
उपचारपद्धतीपुढे यंदाही बोटभरच जागा.
पेन उघडून बसलेय कधीची.
झुवैना दारातून डोकावते,
झालं का?